लेदरला माया नसते, ताई

आणि माया ठेवायचीच नाही म्हणजे काय, मला सांगा. तुम्ही सगळ्या ब्लाउज शिवून घेता ना? मग शिंप्याला पहिलं काय सांगता? गळा नंतर, बाही नंतर, आधी म्हणता, दादा, शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवा. उद्या अंग सुटलं की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर सोडायचं, झालं, आणखी चार वर्षं तेच ब्लाउज. माझ्या लग्नातलं ब्लाउज मी धाकट्याच्या बारशाला घातलं होतं, ते कशाच्या जिवावर? मायेच्या. आणि हा नाना पेठेतला माणूस, गळ्यात फीत, नाकावर चष्मा, माझ्याकडे न बघता म्हणतो, "लेदरला माया नसते, ताई."



आता तुम्ही म्हणाल, सोजरबाई, तुम्ही वारज्याच्या, गोठ्यात आयुष्य गेलं, तुमचा नि लेदरच्या कपड्यांचा संबंध काय. माझा कुठला, संबंध आमच्या मालकांचा. छत्तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर काटा धरला, रिटायर झाले, मी म्हटलं आता माणूस घरात दिसेल, चार पाहुण्यांकडे जाऊ, गुडघ्याला तेल लावून देऊ... तर ह्यांनी मोटरसायकल आणली. ती आवाजाची. गल्लीच्या तोंडाशी आली की माझ्या फळीवरचे डबे वाजतात. आणि दर रविवारी ह्यांच्याच वयाचे सहा जण, निम्म्यांना शुगर, एकाच्या छातीत स्प्रिंग बसवलेली, निघाले घाटात. विचारलं कशाला, तर म्हणे, "राईड."

तर मागच्या वर्षी खेड शिवापूरच्या पुढे खडीवरून घसरले. अंगात जाकीट होतं, रस्त्याच्या कडेला टांगलेलं घेतलेलं, विकणाऱ्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलेलं, प्युअर लेदर. प्युअर रेक्झिन होतं ते. फाटलं असतं तरी चाललं असतं, पण ते वितळलं हो. डांबरावर घासून तापलं आणि कोपराच्या मांसात चिकटलं. डॉक्टर चिमट्याने एकेक तुकडा काढत होते आणि वाटी मी धरली होती. अठरा तुकडे. मी मोजले. पंधराव्याला नर्सबाईने माझंच मनगट धरलं, वाटी सांडू नये म्हणून. आणि हे, पडल्या पडल्या, डोळे मिटून काय म्हणाले असतील?

"आगं, पुढच्या टायमाला खरं लेदर घिऊ."

पुढच्या टायमाला. म्हणजे हा माणूस पुढचा टाइम धरूनच बसलाय.

चावी मी पिठाच्या डब्यात लपवली, सापडली. देवघरात लपवली, सापडली, वर मला म्हणाले, देवानेच दिली. शेवटी मी म्हटलं, जायचंच आहे ना? जा. पण कातडं मी निवडणार. घरातली प्रत्येक म्हैस मी निवडली, सून मी निवडली, हेही मीच निवडणार.

म्हणून नाना पेठ. स्पेअरपार्टच्या दुकानांच्या मागे, बोळात, मच्छिंद्र मास्तरांचं दुकान. मोटरसायकलवाल्यांचेच कपडे शिवतात, तेही माप घेऊन. आम्ही आत गेलो आणि आमच्या मालकांनी पहिला हात कशाला घातला? जे सगळ्यात चकाकत होतं त्याला. "हेच द्या मास्तर, भारी दिसतंय." मी तो तुकडा हातात घेतला, दोन्हीकडून ताणला. ताणला तसा राहिला, परत आवळेना. म्हटलं, "मास्तर, हे म्हशीच्या पोटाचं आहे."

मास्तरांनी पहिल्यांदा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ते बॅगांचं आहे, ताई. साहेबांनी उचललं म्हणून गप्प बसलो. तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं म्हणजे? चौथी शिकलेली बाई आहे मी, पण चाळीस वर्षं म्हशी धुतल्यात. पोटाला हात लावला की कातडं हाताबरोबर जातं, पाठीला लावला की हात परत येतो. मग मास्तरांनी आतून खरा माल काढला. पाठीचं कातडं, जाड, काळं, बिनचकाकीचं. मी हुंगलं, दुमडलं, नखाने ओरखडलं. बारीक बारीक ठिपके होते, गोचिडांचे. आमचे मालक म्हणतात, "ह्यो डागी माल हाय." मास्तर म्हणाले, "साहेब, डाग दिसतात म्हणजे वरून रंगाचा थर देऊन काही झाकलेलं नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे, पण हा भाग खिशाखाली घ्या, कोपराला नको." मास्तरांनी खडूने तिथल्या तिथे खूण केली. माझ्यासाठी चहा सांगितला. ह्यांना विचारलंसुद्धा नाही.

इथपर्यंत सगळं सरळ. मी खुशीत म्हटलं, "आणि आत दोन बोटं माया ठेवा."

"लेदरला माया नसते, ताई."

"एक बोट ठेवा."

"अर्धंही नाही. कापडात सुईचं भोक बुजतं, लेदरमध्ये पडलं की पडलं. उसवून सोडलं तर भोकांची रांग दिसणार, आणि पडल्यावर तिथूनच फाटणार."

"मग आधीच जरा सैल शिवा."

तर त्यांनी खाली फीत ठेवली आणि म्हणाले, "सैल असलं की पडताना आतून कोपराला बसवलेली गादी सरकते. गादी एकीकडे, कोपर दुसरीकडे."

सरकते म्हटल्यावर मला ती वाटीच दिसली हो. मी म्हटलं, घट्ट करा. होईल तेवढं घट्ट करा.

आणि माप कसं घेतात माहीत आहे का? उभं करून नाही. दुकानात एक लाकडी गाडी, खऱ्या उंचीची, हँडल बसवलेलं, चाकं नाहीत. त्यावर बसवलं ह्यांना. वाका, हात पुढे, मान वर. मास्तर म्हणतात, उभ्याने माप घेतलं की गाडीवर पाठ उघडी पडते आणि बाही वर चढते. पटलं मला. पण त्या लाकडावर बसून सुनेचा सासरा झालेला माणूस समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असा बघत होता की जणू आता ओव्हरटेक करणार. आणि तेवढ्यात आल्या दोन पोरी, हातात हेल्मेट, कंपनीत कामाला असणाऱ्या. "हाय अंकल, नाइस." झालं. अंकलचं पोट गेलं आत. एकेचाळीसचं पोट फितीवर सदतीस. मास्तर पेन उघडतात... पेन, बरं का. आमचा शिंपी पेन्सिलने लिहितो, हा माणूस पेनाने. म्हटलं, "मास्तर, थांबा. अहो, गाडीचा इन्शुरन्स भरलात का?"

"भरला की, परवाच तर..."

एवढंच बोलले, आणि पोट आपल्या जागेवर आलं. एकेचाळीस. पोरी हेल्मेटमध्ये तोंड घालून हसल्या. मास्तरांनी लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "आता ह्यांचं वजन दोन किलोच्या वर हलता कामा नये, ताई. ते तुमच्याकडे."

म्हणजे बघा. शिवणार हे, घालणार ते, आणि जबाबदारी माझी. कातड्यात माया ठेवता येईना, म्हणून ताटातली काढली. तूप बंद. तिसरी भाकरी बंद. छत्तीस वर्षं ज्याने लोकांचा कांदा तोलला त्याला मी रोज सकाळी तोलायला लागले. काट्यावर उभा राहिला की भिंतीला बोट टेकवतो. अहो, तो काटाच धरत होता जन्मभर, त्याला सगळं ठाऊक.

दोन महिन्यांनी कपडे आले. घातले, आणि माणूस उभाच राहीना सरळ. वाकलेला. शेजारच्या मथुराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भावजींची कंबर धरली का हो?" मी म्हटलं, गाडीवर बसू द्या, मग बोला. बसले. आणि तुम्हाला सांगते, पाठीवर एक सुरकुती नाही, बाही मनगटावर जिथल्या तिथे. मी कोपर धरला, अंगातलं सगळं बळ लावून ती गादी हलवून बघितली. हलली नाही. पुन्हा बघितली. नाही हलली. त्या दिवशी मी त्यांना तिसरी भाकरी वाढणार होते. थापलीही होती. पण म्हटलं नको, मीच खाल्ली.

मीच खाल्ली, हे लक्षात ठेवा. कारण दोन महिने ती तिसरी भाकरी जात कुठे होती? टाकवत तर नाही.

मला वाटलं, सुटले. तर परवा जेवताना हे म्हणतात, "तुझं माप कधी द्यायचं?"

"कसलं माप?"

"कन्याकुमारीला जायचंय. मागची शीट रिकामी घिऊन जाऊ व्हय?"

मी. कातड्याची पँट. जन्मात साडीशिवाय अंगाला काही लावलं नाही मी. मी खूप बोलले, तुम्हाला माहीत आहे मी कशी बोलते, आणि काल दुपारी मी नाना पेठेत त्या लाकडी गाडीवर बसले होते, आत सुनेचा पंजाबी ड्रेस, डोळे कॅलेंडरवर. मास्तरांनी कंबरेभोवती फीत टाकली. मी म्हटलं, "मास्तर, बाईमाणसाला तरी..."

"लेदरला माया नसते, ताई. श्वास सोडा."

"सोडलेलाच आहे."

"सोडलेला नाही."

मी पोट आणखी आत ओढलं. फीत जागच्या जागी. मास्तरांचं पेन उघडं. कोपऱ्यात आमचे मालक नवे कपडे घालून वाकून उभे, आणि तिथून हळूच म्हणतात, "आगं, निघताना गॅस बंद केलास ना?"

"केला की, तुमच्यासमोरच तर..."

मास्तरांनी लिहिलं. पेनाने.