आतली मूठ

दारांच्या दुकानात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या सुताराच्या कानी एका बाईंचा व दुकानदाराचा संवाद पडला.

“वहिनी, तिजोरीच्या खोलीला याहून भक्कम दार मिळणार नाही.”

“आतून कसं उघडतं?”

“आतून कशाला? सोनं थोडंच दार ठोठावतंय!”

“मामंजी ठोठावतात. जन्मभर बँकेची तिजोरी सांभाळली, आत शिरले की सवयीनं दार ओढून घेतात. परवा जुन्या दारामागे तासभर कोंडले गेले.”

“मग आत जाऊच देऊ नका.”

“घर त्यांचं आहे, भाऊ. त्यांना मी अडवणार नाही, दारच बदलणार.”

“मग हे पाहा, या नमुन्याच्या खोलीला बसवलेलं. याला आतून मूठ आहे. पण महाग पडेल.”

“पडू दे. मी आत जाते, तुम्ही दार लावा.”

“थांबा, आतला दिवा लावतो.”

“नको. मामंजींना आता दिसत नाही.”