शेजारच्या घरातला हातचा

मी लेकरापायी लई घाबरते म्हणता ना, मग ऐका. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. चिकलठाण्यातल्या एका शेडमधी मी बाटल्या मोजायची यंत्रं तपासायचे. बाटलीच्या जागी आपण बटण दाबायचं, आणि आकडा बरोबर वाढतो का ते बघायचं.

त्या दिवशी शहरात दगडफेक झाली, बस बंद होणार असं कळलं. माझं अंगावरचं लेकरू शेजारणीकडं. सुपरवायझर म्हणाला, "एवढं यंत्र पास करा अन् जा."

मी भराभर बटण दाबत सुटले. दोनशे पंचावन्नपर्यंत नीट गेलं, आणि पुढच्या दाबाला एकदम शून्य!

"घाईत दुसरं बटण दाबलं असंल. पुन्हा मोजा," सुपरवायझर म्हणाला.

पुन्हा तेच झालं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात प्रोग्राम लिहिणारे इंजिनिअर साहेब आले.

"बाई, चिप लहान आहे. तिच्या एका घरात एवढाच आकडा मावतो. ते भरलं की शून्य करायचं आणि हातचा एक शेजारच्या घरात द्यायचा."

"मग दिला का?"

साहेबांनी आपला कागद बघितला आणि जीभ चावली. "राहिला की हो!"

"साहेब, मी माझं एक शेजारच्या घरात देऊन आलेय. तेवढं आणायला सोडा मला."

साहेबांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

"चला, बसा मागं. माझा राहिला तो राहिला, तुमचं नको राहायला."