बंद घराचा फॉर्म

घराला कुलूप लावून गावाला जाणाऱ्यांनी चौकीत तसं कळवावं, म्हणजे गस्तवाले घरावर लक्ष ठेवतील, अशी नवी सरकारी योजना निघाली होती. निवृत्त कंडक्टर त्यासाठीच रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे ओळखीचे एक नवरा-बायको फॉर्म भरत होते.

"अहो, निघायची तारीख विचारलीय."

"वीस लिही."

"आपण तर बारालाच निघतोय!"

"खरं लिहायला वेड लागलंय का? हा कागद कुणाकुणाच्या हातात जाईल, काय नेम?"

"किल्ली कुणाकडे, तेही विचारलंय."

"माझ्या भावाकडे, असं लिही. मीटरच्या पेटीत ठेवतो, हे काय जगाला सांगायचं?"

"आणि घर नंबर?"

"सातच्या जागी सतरा टाक. पाण्याच्या टाकीसमोरचं आपलं घर यांना कळायलाच नको."

"मग भरायचा तरी कशाला?"

"उद्या काही झालं, तर कळवलं नाही म्हणून आपल्यावरच उलटतील."

नवरा गर्रकन मागे वळला.

"ओ कंडक्टरसाहेब, जरा लांब उभे राहा. लोकांच्या कागदात काय डोकावताय?"

कंडक्टर दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात नवरा-बायकोच्या पुढे मघापासून मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाने आपला कोरा फॉर्म घडी करून खिशात घातला आणि तो रांगेतून निघून गेला.

"अहो, तो बघा, तो माणूस..."

"तुम्हाला लांब व्हायला सांगितलं ना? चल गं, पुढे सरक. एक कमी झाला."