दस्त्याला पडलेला पोचा

नंदा : ही घ्या इस्त्री. पण माझ्या साड्यांची इस्त्री त्या बंदुकीला कशाला, ते आधी सांगा.

वैजनाथ : रायफल म्हण. आणि हा नुसता दस्ता आहे, नळी काढून ठेवलीय. इथं लाकूड दबलंय बघ. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफेनं वर येतं. फौजेत शिकलोय.

नंदा : फौज सुटून चौदा वर्षं झाली. दिवाळीत तर तेलपाणी केलंत याचं. मग पोचा कशानं पडला?

वैजनाथ : बँकेत भिंतीला लागली.

नंदा : भिंतीला लागून खालच्या टोकाला पोचा? अहो, नीट सांगा.

वैजनाथ : ते फडकं पिळून दे.

नंदा : देते. सांगा.

वैजनाथ : पडली. शुक्रवारी, भर दुपारी. दारावर ड्यूटीला उभा होतो, उभ्या उभ्याच डोळा लागला.

नंदा : अगं बाई! भरलेली होती?

वैजनाथ : होती. फरशीवर अशी आपटली, पेन्शनवाले म्हातारेसुद्धा मटकन खाली बसले. एक बाई पोराला पोटाशी धरून काउंटरला चिकटली. नळीचं तोंड तिच्याकडंच होतं, नंदा. उडाली नाही, एवढंच.

नंदा : बँकेचे साहेब काय म्हणाले?

वैजनाथ : पाणी दिलं. म्हणाले, "काका, सोमवारी सिक्युरिटी एजन्सीची तपासणी आहे. तेवढा दस्ता नीट करून आणा, बाकी मी बघतो." भला माणूस.

नंदा : आणि डोळा... पहिल्यांदाच लागला?

वैजनाथ : नाही. पूर्वी आम्ही दोघं होतो. एटीएम आलं आणि दत्तोबाला काढलं. आता बारा तास मी एकटाच. दोन वाजले की पाय माझे राहत नाहीत.

नंदा : आनंद कधीचा सांगतोय, बाबा, आता पुरे.

वैजनाथ : पोराच्या त्या कॉम्प्युटरच्या नोकरीचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही.

नंदा : इस्त्री उचला, जळेल.

(फडकं बाजूला होतं. दोघंही दस्त्यावर वाकतात.)

नंदा : आलं की वर!

वैजनाथ : आलं. आता पॉलिश पेपर फिरवायचा, जवसाचं तेल चोळायचं. कुणाला काही कळणार नाही.

नंदा : मग तोंड का असं?

वैजनाथ : ती बाई रोजची आहे, भाजीचा गाळा आहे तिचा. काल आली होती. मला दारात पाहिलं आणि तशीच माघारी वळली.

(नंदा इस्त्रीची वायर काढून गुंडाळते.)

वैजनाथ : उद्या हाच दस्ता घेऊन मी तिथंच उभा राहणार. आणि परत दोन वाजणार.

नंदा : मग नका राहू उभे.

वैजनाथ : साहेबांना सांगतो सकाळी. तिथून पोलीस ठाण्यात जातो, माझ्या परवान्यासकट जमा करून टाकतो रायफल.

नंदा : अन् हे तेल कशाला ओतताय मग?

वैजनाथ : असं अर्धवट कसं ठेवायचं?

नंदा : सरका तिकडं. मी चोळते. तुम्ही जरा झोपा.