फाटकावरची पिशवी

साथीमुळे मनोरुग्णालयात भेटी बंद होत्या. कपड्यांची पिशवी फाटकावरच द्यायची, म्हणून मीही रांगेत उभी. मास्क तोंडाला होता, कानांना नव्हता. पुढची बाई नर्सशी बोलत होती.

"सिस्टर, माझा मुलगा कसाय?"

"छान, मावशी. गोळ्या वेळेवर घेतो. कुणी घाबरलं की जवळ जाऊन बसतो. वॉर्डाचा दादाच झालाय!"

"घरी पाण्याचा पेला हलवत नव्हता, लबाड!"

"बघा आता."

"आणि... आई मला कधी नेणार, असं विचारतो?"

"आधी रोज विचारायचा, रडायचा. आता नाही विचारत. धीर धरायला शिकला."

"बरं झालं बाई."

"मग डोळे का पुसताय? आनंदाची गोष्ट आहे."

"आहेच की. पण त्याला एवढं सांगा, आईला अजून धीर धरणं जमलेलं नाही."