तुझी बॅट कुठंय?

सर : रक्त नाही, टेंगूळ नाही, शुद्ध गेली नाही. बर्फ लावलाय ना, ताई. मध्यंतर संपलं की मैदानात उतरेल ती.

आई : त्या दुसऱ्या पोरीच्या डोक्यावर डोकं आपटलंय, सर. मला पार वरच्या पायरीवर आवाज आला. शुद्ध गेली नाही म्हणजे आत काही झालं नाही, असं नसतं.

सर : हॉकी आहे ही. थोडं लागणारच.

भिंगरी : आई, प्लीज. सगळे बघतायत.

आई : बघू देत. डोकं दुखतंय?

भिंगरी : नाही.

आई : मळमळतंय?

भिंगरी : नाही म्हटलं ना!

आई : मग डोळे का बारीक करतेस?

भिंगरी : ऊन किती आहे.

आई : आपण सावलीत बसलोय, राणी.

सर : ताई, फायनल आहे. राखीव पोरगी बॉल आला की बाजूला होते. वाट देते त्याला!

भिंगरी : सर, आपण किती गोलांनी मागे आहोत?

सर : मागे? अगं, पुढे आहोत. तूच मारलास की!

भिंगरी : हो, माहितीये. गंमत केली.

सर : बघा. थट्टा सुचतेय म्हणजे ठणठणीत आहे.

आई : बरं. भिंगरी, तुझी बॅट कुठंय?

भिंगरी : बाकाखाली.

आई : सर, मी हिला घेऊन चालले. डॉक्टरकडे. आत्ता.

सर : आता काय झालं?

आई : मी बॅट म्हणाले.

सर : मग?

आई : खेळायला लागल्यापासून मी मुद्दाम बॅट म्हणते आणि ही दर वेळी अंगावर येते, 'आई, स्टिक!' पाहुण्यांसमोर, तोंडात घास असताना. तापानं फणफणली होती, तेव्हासुद्धा. आज नाही आली.

भिंगरी : तू... बॅट म्हणालीस?

सर : बूट सोड, भिंगरी. उठू नकोस. ताई, किल्ली द्या, गाडी इथवर आणतो.

भिंगरी : आई, खरंच मी गोल मारला? मला तो आठवतच नाहीये.

आई : मारलास. मी पाहिलाय. चल, धर मला.

(काही दिवसांनी, घरी. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले.)

सर : हरलो. पण ते जाऊ द्या. कशी आहे?

आई : हळू बोला. मेंदूला हादरा बसलाय म्हणाले. उलट्या लागल्या, डोकेदुखी वाढली, बोलणं अडखळलं किंवा झोपेतून उठेना, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. पहिल्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टर म्हणाले होते, झोपू द्या तिला. मी आपली छाती हलतेय का बघत बसले.

सर : आणि आता?

आई : मोबाइल मागते, रुसते, उजेड अजून सहन होत नाही. आधी शाळा, मग चालणं, मग पळणं. मैदान डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

सर : म्हणजे पुढच्या महिन्यातली स्पर्धा...

आई : सर.

सर : नाही, नाही. विचारलंच नाही मी. चुकलंच माझं त्या दिवशी, मीच तिला बाहेर बसवायला हवं होतं.

आई : एक काम करा. तिची बॅट घेऊन जा. इथे राहिली तर उशा टोलवत बसेल.

भिंगरी : (आतून) स्टिक!

आई : काय गं? ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण.