कळसूबाईला कोणता मोसम चांगला

बसा हो सर, उभ्यानं कशाला — मी काय रागावले नाय तुमच्यावर. नवे भाडेकरू तुम्ही, तुम्हाला कसं ठाऊक असणार? पण सकाळी जिन्यात आमच्या ह्यांना तुम्ही सांगितलं ना — कळसूबाईचा डोंगर चढायला थंडीच चांगली, आत्ताच जाऊन या, काकासाहेब — तेवढं सांगायला नको होतं. तवापासून आतल्या खोलीत बूट घालून बसलेत. जेवले नायत. बुटाला हात लावू देत नायत.

तसं रोजच इचारतात, मनकर्णा, डोंगराला कोणता मोसम चांगला? — हां, नाव घेतात अजून, घेतात कधीमधी — अन् मी काय करते, चालू हाय तो मोसम सोडून दुसरा सांगते. उन्हाळ्यात म्हणते, पाऊस सरू द्या, मग डोंगर हिरवागार. पावसाळ्यात म्हणते, लोखंडी शिड्या निसरड्या झाल्यात, थंडीत जाऊ. थंडी आली की, वर वारं लई, छातीत भरंल, चैत्रात बघू. मान डोलावतात, भाकर खातात, विसरतात. खोटं? एक शब्द खोटा नाय त्यात. अन् माझाबी नाय. समदे त्यांचेच हायत, मला ऐकवलेले —

म्हणजे काय, जायचं मलाच होतं ना. रामकिसनच्या वेळेला लई अडले होते मी, तवा कळसूबाईला नवस बोलले, आई, नीट सुटका कर, वर येऊन तुझी ओटी भरीन. रामकिसन आता पुण्याला, त्याची पोरं कॉलेजात. अन् मी दर नवरात्रात नवा खण आणायचे, तर हे म्हणायचे, आत्ता गर्दी लई, थंडीत जाऊ. थंडीत म्हणायचे, तुझा दमा. नोकरीभर हेच. आता माझे गुडघे गेले अन् ह्यांना डोंगर आठवला! हसू येतं कधी. कधी नाय येत. कधी वाटतं, सांगून टाकावं, हाच मोसम चांगला, जा एकदाचे — नाय हो, बोलायची रीत झाली, मनावर घेऊ नका. मागं मी आंघोळीला गेले तेवढ्यात निघाले होते, बिडकीनच्या स्टँडवर घावले. कमरोद्दीन रिक्षावाल्यानं वळखलं म्हणून, नायतर कुठं गेले असते? तवापासून आंघोळबी दार उघडं ठेवून करते मी. थकले हो सर. लई थकले.

आता तुमचं ऐकल्यावर माझं कोण ऐकतंय? तुम्ही डोंगर चढणारे. तुम्हीच सांगा त्यांना — म्हणा, काकासाहेब, चुकलं माझं, थंडीत वरची वाट बंद असती —

आले बघा. काठीबी घेतली. अहो, बसा जरा, सर काय सांगायलेत ऐका तरी — काय? काय म्हणालात?

ऐकलं का सर? मला म्हणतात, ‘बाई, थोडं सरका, बायकोला हाक मारू द्या. लई वर्षं झाली, तिला कळसूबाईला न्यायचं राहिलंय.’

व्हय. मारा हाक. सरकले मी.

तुम्ही जा सर आता वर. जाताना दार ओढून घ्या.